शरदातला वारा आणि खळ्याची कड

हायकू म्हटले की आपल्या चळवळीतला कार्यकर्ता बहुधा हसतो. बेडूक, तळे, चेरीचा मोहोर आणि पांढरपेशांची निवांत दुपार असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येते. त्याचे हसणे अगदीच निराधार नाही. मराठीत हायकू रुजला तो सत्तरच्या दशकात, शिरीष पै यांच्या हातून. त्याच दशकाच्या आरंभी, १९७२ साली, दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. मग १९७४ साली दया पवारांचा 'कोंडवाडा' आला. एकीकडे व्यवस्थेचा गळा धरणारी, लांब दमाची, शिवीचेही सोने करणारी कविता. दुसरीकडे तीन ओळी आणि त्यांत एक पाखरू. एकाच भाषेत, जवळजवळ एकाच वेळी या दोन गोष्टी घडल्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख फारशी झाली नाही.

ती ओळख आता करून घ्यावी असे माझे म्हणणे आहे. त्याचे कारण वाङ्मयीन हौस नव्हे. शरदातल्या वाऱ्यावर तीन ओळी प्रामाणिकपणे लिहायला बसले, तर जातीचा प्रश्न टाळताच येत नाही, हे मला भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना दिसले. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे आणि मीही इथे तेच वापरतो.) वाऱ्यासारख्या निराकार गोष्टीत जात कुठून आली, असा प्रश्न वाचकाला पडेल. तेच या लेखात उलगडायचे आहे.

रचनेविषयी आधी थोडक्यात सांगतो, कारण नवे लिहिणारे बहुधा इथेच अडकतात. हायकू म्हणजे पाच-सात-पाच अशी सतरा अक्षरे, हे सूत्र पाढ्यासारखे पाठ झालेले आहे. पण जपानी भाषेत मोजतात ती आपली अक्षरे नव्हेत. ते उच्चाराचे लहान लहान काल मोजतात. 'निप्पोन' आपण तीन अक्षरांचा धरू, जपानी माणूस चार मोजील. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरांचा, त्यांना चार कालांचा, कारण त्यातले दोन्ही ओकार लांब आहेत. आपल्या मात्रांशी हा हिशेब अधिक जवळचा. तेव्हा मराठीत बोटांवर सतरा अक्षरे मोजून फारसे काही साधत नाही. शिरीष पैंनीही तो आग्रह धरला नाही. त्यांनी तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोहोंत यमक आणले. त्यांचे ऋण मान्य करूनही मला ते यमक खटकते. यमक जुळले की कानाचे समाधान होते, आणि कानाचे समाधान झाले की वाचक पाहायचे थांबतो. हायकूत तर पाहायचे थांबून चालत नाही.

अक्षरांपेक्षा महत्त्वाचा आहे तो छेद. जपानीत त्यासाठी 'या', 'काना' असे छोटे शब्द आहेत. त्यांना स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. इथे थांब, एवढेच ते सांगतात. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत मध्येच येणारे 'बाई' किंवा 'गं' आठवून पाहावे. ती श्वासाची जागा असते आणि खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचीही. हायकूत छेदाच्या अलीकडे एक गोष्ट असते, पलीकडे दुसरी. दोहोंचा संबंध कवी सांगत नाही. तो वाचकाने लावायचा.

आता मुख्य गोष्ट. जपानी हायकूत ऋतू दाखवणारा एक शब्द असावा असा संकेत आहे. त्याला 'किगो' म्हणतात, आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोश असतात, त्यांना 'साइजिकी'. शरदाचा वारा, 'आकिकाझे', हा त्यांतला फार जुना शब्द. जपानी पंचांगात शरद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच लागतो. ऊन तेच असते, डोळ्यांना काही फरक दिसत नाही. पण वाऱ्याचा आवाज बदलला की ऋतू पालटल्याचे कळते, अशी तिथल्या कवितेत हजार वर्षांहून जुनी समजूत आहे. चिनी पंचमहाभूतांच्या कल्पनेप्रमाणे शरदाची दिशा पश्चिम, धातू हे त्याचे तत्त्व आणि पांढरा हा त्याचा रंग. म्हणून शरदाचा वारा पश्चिमेचा आणि पांढरा. बाशोने (१६४४–१६९४) १६८९ च्या प्रवासात पांढऱ्या खडकांच्या एका डोंगरापाशी या वाऱ्याचा पांढरेपणा पाहिला तो या परंपरेतून.

किगोची युक्ती अशी की, तीन ओळींत सगळे सांगता येत नाही, म्हणून कवी वाचकापाशी आधीच असलेल्या गोष्टींवर भिस्त ठेवतो. शब्द उच्चारला की पिके, सण, हवा, जुन्या कविता आपोआप जाग्या होतात. म्हणजे हा शब्द एक सामाईक ठेव आहे. इथेच आपला प्रश्न सुरू होतो. ज्या समाजात पाणवठा सामाईक नव्हता, तिथे ऋतू तरी सामाईक होता का?

आधी दिशेचेच घेऊ. विलायतेतही शरदाचा वारा पश्चिमेचाच. शेलीने १८१९ साली इटलीत फ्लॉरेन्सजवळ असताना पश्चिमवाऱ्याला उद्देशून जी कविता लिहिली, ती आमच्याकडे इंग्रजीच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. भोरच्या मुलाला पश्चिमेचा वारा म्हटले की काय आठवते? मृग. तो वारा सुकलेली पाने उडवीत येत नाही. वरंध आणि मढे घाटांच्या माथ्यावरून काळे ढग ढकलीत येतो. त्या वेळी तोरण्याच्या पायथ्याला छपरावर प्लॅस्टिक अंथरून दगड ठेवायची घाई असते. इथला शरद सुरू होतो तो हा वारा थकल्यावर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुण्याकडून पाऊस मागे हटतो, ऊन तापते, आणि हळूहळू पूर्वेकडून कोरडी हवा यायला लागते. घाटाखाली कोकणात जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. आमचा शरदाचा वारा हा त्याचा घाटावरचा भाऊ म्हणावा.

पानगळीचेही तसेच. इंग्रजी कवितेतला हा ऋतू पानगळीचा, म्हणून आपले भाषांतरकार शरदाच्या वाऱ्यात बेधडक पाने उडवतात. सह्याद्रीत पाने गळतात शिशिरात, फेब्रुवारी-मार्चात. शरदात इथे डोंगर सोनकीने पिवळे असतात आणि खाचरात भात उभे असते. तेव्हा भोरच्या विद्यार्थ्याने 'शरदाच्या वाऱ्याने पाने गळाली' असे लिहिले की मी त्याला खिडकीपाशी नेतो आणि बाहेरचे एक पान गळताना दाखव म्हणतो.

पण दिशा आणि पाने दुरुस्त केली म्हणजे ऋतू आपला होत नाही. संस्कृत परंपरेत शरद आहे आणि देखणा आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदाचा. त्यात पिकलेल्या साळीला हलवणारा वाराही आहे. त्या साळीची वाटणी कशी होते, हा मात्र त्या काव्याचा विषय नाही. मराठी भावकवितेने तोच शरद पुढे चालवला. चांदणे, कोजागरी, आटीव दूध. ज्या घरात चहालाही दूध नव्हते, तिथे त्या चांदण्याचे काय झाले हे कुणी विचारले नाही.

भोर-वेल्ह्यात शरदाचा वारा कुठे भेटतो, याचे सरळ उत्तर आहे: खळ्यावर. हा भाताचा मुलूख. कापणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे. कापलेले भात वाळवायचे, भारे खळ्यावर आणायचे, झोडायचे आणि मग उफणायचे. सूप डोक्याच्या वर धरून धान्य हळूहळू सोडायचे. दाणा सरळ खाली पडतो, पोल आणि भुसा वाऱ्यावर बाजूला जातो. वारा फार झाला तर हलका दाणाही जातो. वारा पडला तर कामच थांबते. आता पुष्कळ ठिकाणी मळणीयंत्र आणि विजेचा पंखा आला, तरी लहान खाचरांच्या धन्याला अजून वाऱ्याकडे पाहावे लागते.

आणि खळे ही केवळ धान्याची जागा नव्हती. ती वाटणीची जागा होती. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या पुस्तकात बलुत्याची सगळी व्यवस्था नोंदलेली आहे. बलुतेदाराचा वर्षाचा हिशेब खळ्यावर व्हायचा. सुतार-लोहारही तिथे यायचे. महार-मांग मात्र कडेला, अंतरावर उभे राहायचे. वर्षभर वेशीची राखण, सांगावे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी अंमलदाराची सरबराई, आणि त्याबदल्यात राशीच्या तळाचे, माती मिसळलेले धान्य. भोर तर १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान. ब्रिटिश मुलखात निघालेले कायदे इथे आपोआप लागू होत नव्हते. बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले ते १९२८ साली. वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने. मधली तीस वर्षे कडेला उभे राहण्यात गेली.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला मी विचारले, "आजी, या दिवसांतल्या वाऱ्याला तुम्ही काय म्हणायचा?"

आजी म्हणाली, "वाऱ्याला काय नाव असतं व्हय, मास्तर? राशीला आला तर राशीचा वारा, न्हाई तर नुसता वारा." मग जरा थांबून म्हणाली, "भुसा आमच्याकडंच यायचा. तिथंच तर उभं ऱ्हायला सांगायचे."

साइजिकीत बसवण्याजोगा शब्द या म्हातारीने एका वाक्यात दिला आणि त्याच दमात त्याची दुसरी बाजूही दाखवली. एकच वारा, एकच खळे. राशीपाशी उभा असलेल्याला तो धान्य स्वच्छ करून देतो. कडेला उभा असलेल्याच्या डोळ्यांत आणि केसांत कोंडा आणून टाकतो. ऋतू सामाईक आहे, पण त्यातली उभे राहण्याची जागा सामाईक नाही. ही जागा तीन ओळींत दिसली, तर हायकूला आपल्या साहित्यात स्थान आहे. नाहीतर हसणाऱ्या कार्यकर्त्याचे बरोबर आहे.

या कसोटीवर खुद्द बाशोला लावून पाहणे उद्बोधक आहे. १६८४ च्या शरदात तो एदो सोडून पायी निघाला. फुजी नदीच्या काठाशी त्याला टाकून दिलेले एक मूल रडताना दिसले, वय असेल तीनेक वर्षांचे. आईबापांना पोसवले नाही म्हणून टाकलेले. बाशोने अस्तनीतून थोडे खाणे काढून त्याच्याकडे टाकले आणि तो पुढे गेला. प्रवासवर्णनात या प्रसंगावर एक हायकू आहे. चिनी-जपानी काव्यात माकडाचे ओरडणे हा शोकाचा ठरलेला संकेत. ते ऐकून गहिवरणाऱ्या कवींना बाशो विचारतो, शरदाच्या वाऱ्यातल्या या टाकलेल्या पोराचे काय? हा प्रसंग घडलाच असेल असे नाही, असे काही अभ्यासक म्हणतात. आपल्यापुरते महत्त्व लिहिलेल्या ओळींना आहे.

प्रश्न जबरदस्त आहे. साऱ्या काव्यपरंपरेच्या उसन्या करुणेला एका पोराच्या रडण्यापुढे उभे केले आहे, आणि शरदाचा वारा हा नाजूक शब्द तिथे प्रथमच उघड्या अंगाला लागतो. पण लगेच पुढच्या गद्यात बाशो मुलाला म्हणतो की, तुझ्या बापाने तुझा द्वेष केला नाही, आईनेही नाही; हे दैवाचे करणे आहे, तू आपल्या नशिबाला रड. कवितेने उघडलेले दार गद्याने लावून घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने आजच्या दारिद्र्याचे समर्थन करण्याला बुद्धाच्या शिकवणुकीत जागा ठेवली नाही. बाशोचा हायकू मी वर्गात शिकवतो, त्याचे गद्यही शिकवतो, आणि दोहोंतले अंतर मुलांना मोजायला लावतो. हायकू जिथे थांबला तिथेच तो थांबला म्हणून बरे झाले. त्याने कारण सांगायला घेतले असते तर दैवच सांगितले असते. आपण थांबायचे ते वेगळ्या कारणाने. आपल्या वाचकाला कारण ठाऊक आहे म्हणून.

बाशोच्या जपानातही गावाची कड होती, हे जाता जाता नोंदवतो. मेलेली जनावरे, कातडे, फाशीची कामे ज्यांच्या माथी मारली होती ते 'एता' आणि 'हिनिन' वस्तीबाहेर राहत. १८७१ साली कायद्याने तो भेद रद्द झाला, पण तो व्यवहारात उरला, आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना स्थापली. हायकूला सोवळ्या सौंदर्याचा नमुना मानणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांच्या बोलण्यात हा जपान सहसा येत नाही.

लढणाऱ्या माणसाला हायकू शोभत नाही, हा आक्षेप राहिला. त्याला उत्तर म्हणून मी रिचर्ड राइटचे नाव घेतो. निग्रो साहित्याशी आपल्या साहित्याचे नाते आपण पूर्वीपासून सांगत आलो. 'नेटिव्ह सन' (१९४०) लिहिणारा राइट त्यातला अग्रणी. गुलामांचा नातू. अमेरिकेच्या वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसला गेलेला हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात, आजारी असताना, हायकू लिहीत होता. थोडेथोडके नव्हे, चार हजारांच्या आसपास. त्यांतून त्याने ८१७ निवडले. १९६० साली तो गेला आणि ते पुस्तक निघायला १९९८ उजाडले. त्यातल्या पहिल्याच हायकूत शरदातला सूर्य आहे आणि नाव नसलेला माणूस आहे. आपल्या देशात नाव हिरावून घेतल्याचा अर्थ ज्याला कळतो, त्याला त्यावर टीप लागणार नाही. राइटने विद्रोह सोडला असे मला वाटत नाही. विद्रोहाला आवाज चढवावा लागतो तसा कधी श्वास रोखावाही लागतो.

आता मुलांच्या वह्यांकडे येतो. सुरुवातीला सगळ्यांनी असे लिहिले:

शरदाचा वारा
मनात दरवळतो
आठवणींचा झरा

यात वारा नाही, झरा नाही आणि आठवणही नाही. दरवळतो तो वास, वारा नव्हे. 'मन', 'आठवण', 'वेदना', 'काळोख' हे शब्द मी एका सत्रापुरते बंद केले. वेदना बंद केल्यावर आमच्या चळवळीतली दोन मुले रागावली. मी त्यांना सांगितले, शब्द बंद आहे, गोष्ट बंद नाही. मग सुट्टीत सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन वारा कुठे कुठे लागतो ते लिहून आणायचे ठरले. वर जिचा उल्लेख केला त्या आजीच्या नातीने हे आणले:

वारा पडला.
सूप हातात धरून
आजी उभीच.

शेवटच्या 'च' मध्ये सगळे आहे. धान्य कुणाचे, मजुरी किती, हे कुठेही नाही. पण वारा पडल्यावरही जिला खाली बसता येत नाही ती बाई आपल्या खळ्यावर नाही, हे कळते. वर्गातल्या एका मुलाने विचारले, 'आजी दमली' असे का नाही लिहिले? तिने उत्तर दिले, "दमली असती तर बसली असती."

दुसऱ्या एकाचे असे:

रास उचलली.
खळ्याच्या कडेला
वारा, भुसा, आम्ही.

यावर बराच वाद झाला. 'आम्ही' हा शब्द घोषणेसारखा येतो असे काहींचे म्हणणे. मला तो योग्य वाटतो, कारण तो यादीत शेवटी आला आहे, भुशाच्या नंतर. घोषणेत 'आम्ही' पहिला असतो.

वेल्ह्यातून मुंबईला जाणे ही इथली जुनी वहिवाट. सणाला आलेले लोक सण सरला की परत जातात:

यष्टी गेली.
धुरळा बसेपर्यंत
वारा होता.

आणि भाटघरच्या धरणाकाठच्या मुलाचे हे. पावसाळा सरताना धरण तुडुंब असते. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते, आणि जुन्या वस्त्यांच्या जागा तळाशी राहतात:

भरलं धरण.
वाऱ्यानं लाट येते
गावाच्या वरून.

'गावाच्या वरून' हे मी शिकवून आले नसते. बुडीत म्हणजे काय हे ज्याच्या घरात रोज बोलले जाते, त्याच्याच हातून ते उतरते.

आश्विनाचा आणखी एक अर्थ आपल्या घरांत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची विजयादशमी नागपूरची खरी, पण तिचा वारा वाडीवाडीत पोचला. एका मुलीने लिहिले:

दसऱ्याचा वारा.
पांढऱ्या साडीवर अजून
इस्त्रीची घडी.

ज्या बाईला नव्या लुगड्याची घडी मोडणे ठाऊक नव्हते, तिच्या नातीची ही ओळ आहे. कोजागरीच्या दुधापेक्षा हा पांढरा रंग मला आमच्या शरदाचा अधिक वाटतो.

हे लिहिता लिहिता आम्ही ऋतूच्या शब्दांची एक वही सुरू केली. शेतकऱ्यांपाशी नक्षत्रांचे पंचांग आयतेच आहे: हस्ताचा पाऊस, चित्रा, स्वाती. पण वहीत केवळ ते लिहून भागत नाही. राशीचा वारा, पोल, वैरणीचे भारे, गवतकापणीची मजुरी, मुंबईची यष्टी, दीक्षेची साडी हेही आले. एक गंमत सांगण्याजोगी आहे. पाऊस संपता संपता, थंडीच्या तोंडाला एक शेपूट हलवणारा पाहुणा पक्षी ओढ्याकाठी येतो. मराठीत त्याला परीट किंवा धोबी म्हणतात. हजारो मैलांवरून उडत आलेल्या पाखरालाही आपण उतरताक्षणी बलुतेदारी दिली! तो शब्द वहीत ठेवायचा की नाही यावर मते पडली. ठेवला. भाषेत जे आहे ते कवीने पाहिलेच पाहिजे. पक्ष्याला त्याचा उपद्रव नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी कलम आहे. तसे वाटत असेल तर आपल्या दोन जुन्या मुळांकडे पाहावे. पाली 'थेरगाथा' आणि 'थेरीगाथा' यांत थोडक्या चरणांत ऋतू, झोपडी, पाऊस आणि मुक्ती एकत्र नांदतात. तिथे कोमेजलेली फुले गोळा करून टाकणारा, हीन कुळातला सुनीत आहे. कडक थंडीत मालकिणीच्या भीतीने पाण्यात उतरणारी दासी पुण्णा आहे, आणि ती स्नानाने पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला प्रश्न विचारते. त्यांच्या गाथांतली थंडी ही अंगाला लागलेली थंडी आहे. दुसरे मूळ जात्यावरच्या ओवीचे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाबासाहेबांवरच्याही त्यांत आहेत. दोन ओळींत संसार आणि समाज मांडण्याची सवय इथल्या बायकांना आहेच. हायकू तिथे एक ओळ वाढवतो आणि बोलणे मात्र कमी करतो.

शेवटी एका अपुऱ्या हायकूविषयी. भोरहून महाडला जाणारा वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद करावा लागतो. तो उघडला की आमच्याकडे पाऊस संपला. 'घाट उघडला' हा वहीतला अगदी भोरचा शब्द. आणि घाटाच्या पलीकडे महाड, म्हणजे चवदार तळे, म्हणजे २० मार्च १९२७. एका कार्यकर्त्या विद्यार्थ्याने पहिल्या दोन ओळी झटकन लिहिल्या: 'घाट उघडला / महाडहून वारा'. तिसरी ओळ तो शोधत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची, बापाबरोबर खाचरात राबणारी एक मुलगी म्हणाली, "सर, आता वारा महाडहून येत नाही. आता इकडून तिकडे जातो. महाडहून येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, संध्याकाळचा."

मुलगा म्हणाला, "प्रतीक आहे ते."

"प्रतीक असलं म्हणून दिशा बदलते का?" ती म्हणाली.

तास संपेपर्यंत दोघे भांडले. तिच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि तिच्या हिशेबाने महाडचा वारा नेमका मार्चातच पडत होता. तेव्हा त्याच्या दोन ओळी वहीत मार्चाच्या पानावर नेल्या. शरदाच्या पानावर दोघांनी मिळून हे लिहिले:

घाट उघडला.
इथला वारा उतरतो
महाडच्या वाटेनं.